मुंबई-नागपूर विमान दीड तासाचं, मग बदलापूरकरांचा अर्धा दिवस का जातो?

मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने तासाभरात पोहोचायला हवं. तिकिटावर मात्र साधारण दीड तास असतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणंही त्यात धरलेलं असतं.

तिकिटावर नसतो तो घर ते विमानतळ प्रवास. बारवी धरणाजवळच्या गावातून आधी बदलापूर स्टेशन, मग घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो किंवा रिक्षा. वर दोन तास आधी हजेरी.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. तो या पट्ट्याला जवळचा. पण लोकलने जायचं तर ठाण्याचा वळसा आहेच. म्हणून नव्या उड्डाणांइतकीच बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून पहाटेपासून थेट बस हवी. खरा वेळ वाचेल तो जमिनीवरच.