टायरगाडीचे ओझे

हौसेने मोटारीची चाके वा स्प्रिंगा बदलू पाहणाऱ्यास कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय यांचा रोख एकच : उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत फेरफार नको. बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीस जाणारी कुटुंबे ज्या टायरगाडीने ऊस वाहतात, ती मात्र या कलमाच्या कक्षेबाहेर. बैलगाडी मोटार नव्हे ना! लोखंडी धावेचे लाकडी चाक गेले, रबरी टायर आले, गाडी हलकी चालू लागली; आणि लगोलग ओझे वाढले. मजुरी टनावर असल्याने गाडीवानही जादा ऊस नाकारीत नाही. परंतु आखावर स्प्रिंग नाही, उताराला ब्रेक नाही. सारा भार थोपवायचा तो बैलांच्या मानेने. बैल जायबंदी झाला की तोटा मजुराचा, नव्या बैलासाठी उचल पुन्हा मुकादमाची. गाडी बहुधा कारखान्याची, तिचे भाडे मात्र मजुराच्या बिलातून. भाडे घेणाऱ्यानेच ब्रेक का बसवून देऊ नये? ओढकामाच्या जनावरांच्या ओझ्याची मर्यादा १९६५ च्या नियमांत आहेच. ती मोडली जाते की नाही, हे पाहण्यास वेगळ्या निरीक्षकाची गरज नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीची नोंद होतच असते.