विश्लेषण : रोजा सोडण्यासाठी मिनिटभर थांबल्याने फुटबॉलचे काय बिघडते?

रमजानमध्ये सामना सुरू असतानाच सूर्यास्त झाला, तर रोजा ठेवलेल्या खेळाडूने काय करायचे? इंग्लंड आणि फ्रान्सने या प्रश्नाची अगदी उलट उत्तरे दिली आहेत.

इंग्लंडमध्ये काय होते?

एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर सिटी-क्रिस्टल पॅलेस सामन्यात पॅलेसचा गोलरक्षक व्हिसेंते ग्वाइटा गोल किक घेण्याआधी क्षणभर थांबला. तेवढ्यात लेस्टरचा वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. दोन्ही संघांनी हे आधीच ठरवले होते. पुढे २०२३ मध्ये अशा विरामाला परवानगी देण्याची सूचना इंग्लंडमधील पंचांना मिळाली. खेळ मध्येच तोडायचा नाही. चेंडू बाहेर गेला किंवा गोल किक मिळाली की थांबायचे. जर्मनीतही एप्रिल २०२२ मध्ये माइन्झच्या मुसा नियाखातेसाठी पंचांनी खेळ थांबवला होता.

फ्रान्सचा विरोध का?

फ्रेंच फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये रोजासाठी सामने थांबवू नयेत, असे बजावले. मैदानावर धर्म नको, ही त्यामागची भूमिका. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय संघाच्या शिबिरांतही रोजासाठी वेळापत्रक बदलणार नाही, असे ठरले. १९ वर्षांखालील संघातील महामादू दियावारा शिबिर सोडून गेला.

मग योग्य काय?

पाणी पिण्यासाठी मिनिटभराचा विराम फुटबॉलच्या नियमांना नवा नाही. स्पर्धेच्या नियमांत तरतूद असेल तर तो घेता येतो आणि गेलेला वेळ भरून दिला जातो. म्हणजे उन्हामुळे थांबलेले चालते, रोजामुळे नाही. घोट तोच, घसाही तोच. आक्षेप फक्त कारणाला. याला तटस्थता कशी म्हणायची?

आज रोजा, उद्या आणखी काय, ही शंका रास्त आहे. त्यासाठी कसोटी सोपी ठेवावी. सवलत कोणत्याही धर्माच्या खेळाडूने मागितली, तरी तिने प्रतिस्पर्ध्याचे नुकसान होऊ नये आणि खेळाचा प्रवाह तुटू नये. विरामाच्या आडून प्रशिक्षकाने डावपेच शिकवू नयेत. आणि रोजा ठेवायचा की नाही, याची सक्ती संघातील कोणीही कोणावर करू नये.

या कसोटीवर इंग्लंडचा मार्ग उतरतो. फ्रान्सच्या मार्गात मात्र एका कोवळ्या खेळाडूला देशाची जर्सी की श्रद्धा, अशी निवड करावी लागली. वाचलेल्या मिनिटाची ही किंमत फार मोठी आहे.