मातेच्या रक्तातील गर्भपेशी : निदानाची आशा आणि कायद्याची कसोटी

गर्भवती मातेच्या रक्तात गर्भाच्या मोजक्या पेशी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढता आल्या, तर पोटात सुई न घालता गर्भाचे आनुवंशिक दोष ओळखता येतील, ही आशा वैद्यकशास्त्र अर्धशतकाहून अधिक काळ बाळगून आहे. मातेच्या रक्तात ‘वाय’ गुणसूत्राच्या पेशी आढळल्याचे संशोधकांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. हे गुणसूत्र स्त्रीचे नसते. तेव्हा त्या पेशी मुलग्याच्या असाव्यात, असा तर्क होता. मुलीच्या पेशींना अशी उघड खूण नाही. या शास्त्राचा आरंभच मुलग्याच्या खुणेवर झाला, ही बाब भारतात विसरून चालणार नाही.

रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये चार-पाच अब्ज तांबड्या पेशी असतात. गर्भाची पेशी त्यात जेमतेम एखादी. ती निवडण्यासाठी चमकणारे रंग आणि चुंबकीय कण वापरले गेले. अमेरिकेतील सरकारी अर्थसाहाय्याच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, तेव्हा गर्भ मुलग्याचा असतानाही केवळ सुमारे ४१ टक्के वेळा तशी पेशी सापडली होती. त्यातच आधीच्या बाळंतपणातील पेशी आईच्या शरीरात टिकून राहतात. प्रसूतीनंतर २७ वर्षांनीही मुलग्याच्या पेशी आढळल्याचे डायना बियांची यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले होते. सापडलेली पेशी कोणत्या अपत्याची, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

दरम्यान, १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मातेच्या रक्तद्रवात गर्भाचा मोकळा डीएनए सापडला. प्रसूतीनंतर तो लवकरच नाहीसा होतो. डाउन सिंड्रोमसाठीच्या आजच्या रक्तचाचण्या त्याच्याच आधारे चालतात. मात्र हा डीएनए मुख्यतः वारेतून येतो आणि त्यात मातेचा डीएनए बहुसंख्येने मिसळलेला असतो. म्हणून ही चाचणी चाळणीपुरतीच. खात्रीसाठी अजूनही गर्भजल परीक्षा करावी लागते. अखंड गर्भपेशी मिळाली, तर थॅलेसेमियासारख्या रोगाचे थेट निदान करता येईल. पेशींचा शोध अद्याप सोडला गेलेला नाही, तो याचसाठी.

गर्भजल परीक्षेचा दुरुपयोग महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. त्याविरुद्धच्या चळवळीतून राज्याने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ वर आल्या.

गर्भवतीच्या रक्ताची तपासणीही या कायद्याच्या व्याख्येत येते. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. सोनोग्राफी यंत्राची नोंद ठेवता येते, त्याला सील ठोकता येते. रक्ताची नळी मात्र शेकडो मैल दूरच्या प्रयोगशाळेत जाते, आणि गर्भाचे लिंग तर सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच कळू शकते. तपासणी पथकांचे लक्ष यंत्रांइतकेच प्रयोगशाळांच्या संगणकातील नोंदींकडे वळायला हवे.

हिमोफिलियासारखे काही रोग बहुधा मुलग्यांनाच होतात. तेथे गर्भाचे लिंग जाणून घेण्याला वैद्यकीय कारण आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो. परंतु पेशीतील सदोष जनुकच तपासता आले, तर अहवालात रोग आहे किंवा नाही, एवढेच लिहून भागते. मुलगा की मुलगी, हे त्यात लिहिण्याची गरज पडत नाही.