बाळाच्या बोटाला उत्तर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या मराठी घरांतून हल्ली आजीला ताकीद मिळते : बाळाशी हिंदीतच बोला, नाहीतर शाळेत गोंधळेल. मला हे मुळीच पटत नाही. वर्षाच्या आतबाहेरचे मूल खिडकीकडे बोट करते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सात संस्कृतींच्या अभ्यासात सर्वत्र हेच आढळले. त्या बोटाला भाषा नसते, उत्तराला असते. आजी ‘काऊ’ म्हणते, शेजारीण ‘कौआ’. मूल दोन्ही घेते. (‘जोजो’ तर आमच्या कानडी मित्रांच्या घरीही चालते!) १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली, तेव्हापासून हे उत्तर मराठीत मिळत आले. आता आजीनेच गप्प बसायचे? हिंदी काय, मूल गल्लीतच शिकते.