थरथर एक, शब्द अनेक

काही वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका लहान गावात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेत असे. विद्यार्थी बहुतेक चिनी. मुलांकडे राहायला आलेले, साठी ओलांडलेले. त्यांतल्या एका आजींनी एके दिवशी दवाखान्यात फोन केला आणि सांगितले, की आमचे हे तीन महिने ‘शिव्हर’ करताहेत. पलीकडच्या बाई गोंधळल्या. ताप पाहा म्हणाल्या, पांघरूण घाला म्हणाल्या. आजोबांना ताप नव्हता आणि थंडीही वाजत नव्हती. मांडीवर स्वस्थ ठेवलेला त्यांचा उजवा हात आपोआप थरथरत होता. पुढे दुखणे कंपवाताचे निघाले. निदानाला उशीर झाला, तो एका शब्दापायी.

आजींनी शब्द मनाने बनवला नव्हता. त्यांच्या वहीत ‘फादोऊ’ या चिनी शब्दापुढे ‘शिव्हर’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. अर्थ खोटा नव्हता, अपुरा होता. आणि अपुरा अर्थ खोट्या अर्थापेक्षा जास्त फसवतो, कारण त्याचा संशय येत नाही.

गोम कुठे आहे पाहा. चिनी माणूस थंडीने ‘फादोऊ’ करतो, भीतीने करतो आणि संतापानेही करतो. कारण आधी सांगायचे आणि मग थरथर, अशी ती वाक्यरचना. इंग्रजीत मात्र पुष्कळदा कारण क्रियापदाच्या पोटातच दडलेले असते. ‘शिव्हर’ म्हटले की आधी आठवते ती थंडी नाहीतर ताप. ‘ट्रेम्बल’मध्ये भीती, राग, भावनेचा आवेग किंवा अशक्तपणा. ‘शडर’ म्हणजे किळस आल्यावर किंवा काही भयंकर आठवल्यावर अंगभर एकदाच सळसळत जाते ती शिरशिरी. ‘क्विव्हर’ बारीक असते. रडू येण्याआधी ओठांची होते ती. ‘क्वेक’ मोठी, जमिनीच्या हादऱ्याची. आणि ‘शेक’ हा सगळ्या घरांत वावरणारा शब्द. झाड हलवताना तो चालतो, हात थरथरतानाही चालतो. पण ‘मी झाड ट्रेम्बल केले’ असे म्हणता येत नाही, कारण ‘ट्रेम्बल’ आपले आपण होते, दुसऱ्याला करता येत नाही. शिवाय इंग्रज भेटल्यावर हात ‘शेक’ करतो आणि नकार देताना मानही ‘शेक’ करतो. चिनी माणूस हात धरतो आणि मान हलवतो. त्याची क्रियापदे वेगळी. आता हे सगळे शब्द एका ओळीत लिहून त्यांच्यापुढे एकच चिनी अर्थ ठेवला, तर शिकणाऱ्याने करावे काय?

यावरून चिनी भाषा या बाबतीत गरीब आहे, असे मात्र कोणी समजू नये. थंडी वाजून अंगावर काटा येतो, त्याला तिथे ‘हानचान’ हा वेगळा शब्द आहे. हात कापतो त्याला ‘शोऊदोऊ’, म्हणजे सरळ हाताची थरथर. हिवतापाला बोलीभाषेत ‘झोके घेणे’ अशा अर्थाचा शब्द आहे. हिवाने हुडहुडी भरलेला रोगी ज्याने पाहिला आहे, त्याला तो लगेच पटेल. अक्षरांतही हीच बारकाई. भूकंपाच्या अक्षरात वर पाऊस आहे, कारण त्याचा मूळ अर्थ मेघांचा गडगडाट. थरथरीच्या एका अक्षरात डोके आहे, दुसऱ्यात हात.

खुद्द आजोबांच्या दुखण्याची गोष्ट घ्या. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या रोगावर निबंध लिहिला. त्याच्या नावात त्यांनी ‘शेकिंग’ हाच शब्द योजला, ‘शिव्हरिंग’ नव्हे. चिनी वैद्यकात या रोगाचे जुने नाव ‘थरथरीचा पक्षाघात’ अशाच अर्थाचे आहे. म्हणजे नेमका शब्द इंग्रजीत होता आणि आजींच्या मायबोलीतही होता. मध्ये उभी होती ती पाठ केलेली यादी.

या याद्यांचा चीनमध्ये मोठा पसारा आहे. 2001 साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणण्याचे ठरवले. पुढे विद्यापीठप्रवेशाची ‘गाओखाओ’ परीक्षा आ वासून उभी असतेच. तिच्यासाठी मुले हजारो शब्द घोकतात. त्या मेहनतीला मी हसणार नाही. पाठांतराशिवाय भाषा येत नाही. माझे म्हणणे इतकेच, की शब्द एकटा पाठ करू नये. कोण थरथरते, कशाने आणि किती, हे त्याच्या सोबत पाठ व्हावे. आणि सुरुवात परक्या भाषेच्या यादीपासून नको, शिकणाऱ्याच्या भाषेत जो भेद आधीच आहे तिथून व्हावी.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? थंडीने कुडकुडणे, भीतीने लटलट कापणे, रागाने थरथरणे, किळस येऊन शहारणे, बातमीने हादरणे, एवढे वैभव घरात असताना मुलाच्या वहीत सगळ्यांना मिळून एकच अर्थ: ‘कापणे’. तोच शब्द उलट बाजूने शोधला, तर पोरगे सुरी घेऊन भाजी चिरायला लागेल!

त्या प्रसंगानंतर मी वर्गातली यादी बाजूला ठेवली. म्हटले, शब्द नको, करून दाखवा. एक आजोबा बर्फात उभे राहिल्यासारखे दात वाजवू लागले. एका बाईंनी दुधात पडलेली पाल पाहिल्याचा आविर्भाव केला आणि वर्ग हसून लोटपोट झाला. आजींची पाळी आली. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला, बोटे हळूहळू हलवली आणि इंग्रजीत सावकाश म्हणाल्या, “त्यांचा हात स्वस्थ असतो, तेव्हा थरथरतो.”

क्रियापद अगदी बरोबर होते. हसणारा वर्ग मात्र एकदम गप्प झाला होता.