खोक्यात अडकलेले विमान

बँकेच्या वहीत प्रत्येक यंत्राला वय असते. खरेदीच्या किमतीतून दरवर्षी घसारा वजा होत जातो आणि कालांतराने टाइपरायटर असो वा जनरेटर, त्याच्या नावापुढे एक रुपया उरतो. वस्तू अजून आपल्याकडे आहे, एवढे विसरू नये म्हणून तो रुपया. वापराने किंमत उतरते, हा हिशेब मी उभी नोकरी मान्य केला आणि त्यात वावगे काही नाही. अलीकडे मात्र एक उलटा हिशेब घरोघरी शिरताना दिसतो. वस्तू वापरली नाही, उघडली नाही, तिच्यावरचे प्लास्टिकचे वेष्टनसुद्धा फाडले नाही, तर तिची किंमत वाढते म्हणे!

खोपोलीत एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात हा हिशेब मला समोरासमोर भेटला. गृहस्थ पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. शोकेसमध्ये चांदीचा गणपती, मुलीला मिळालेली पदके, आणि मधोमध एक चपटे खोके. सी हॅरियर या नौदलाच्या लढाऊ विमानाचे, एकास बहात्तर प्रमाणातले, सुटे भाग जोडून तयार करायचे मॉडेल. मुलाने परदेशातून पाठवलेले. नऊ-दहा वर्षांचा नातू शोकेसच्या काचेला नाक लावून उभा होता.

“आजोबा, एकदाच उघडू?”

“अरे, सील तोडलं की संपलं! राहू दे तिथंच. तुझ्या लग्नापर्यंत त्याचे दसपट होतील.”

पोराने लग्नाचे काय ऐकले असेल ते असो. तो खोक्यावरचे चित्र पाहत राहिला. मला वाटते, ते खोके उघडावे. कुठलेही खेळणे उघडावेच, पण हे विमान तर खास करून उघडावे, कारण नुसते पाहून कळणारे हे विमान नव्हे.

साधारण लढाऊ विमानाला उडायला लांबलचक धावपट्टी लागते. हॅरियर जागच्या जागी वर उठू शकते, हवेत थबकते आणि सरळ खाली उतरते. म्हणून त्याला ‘जंप जेट’ म्हणतात. त्याची सारी किमया पोटातल्या पेगॅसस इंजिनात आणि त्याच्या चार नॉझलमध्ये आहे. पुढच्या दोन नॉझलमधून इंजिनाच्या पंख्याने रेटलेली थंड हवा बाहेर पडते, मागच्या दोनमधून जळालेला गरम वायू. वैमानिक एका दांड्याने चारही नॉझल एकदम फिरवतो. तोंडे मागे केली की विमान पुढे पळते, जमिनीकडे केली की वर उचलले जाते.

खोपोलीच्या मुलाला हे समजायला जड जाऊ नये. बोरघाटाच्या उतारावरून टाटांचे जाडजूड पाइप खाली उतरतात, ते त्याने रोज पाहिलेले असतात. १९१५ साली सुरू झालेल्या त्या वीजघरात लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि नॉझलमधून धारेच्या रूपाने चाकाच्या वाट्यांवर आदळते. धार जिकडे वळवाल तिकडे जोर. अंगणात झाडांना पाणी घालताना नळ पुरा सोडला की पाइप हाताला मागे रेटतो, तोच रेटा हॅरियरला वर धरून ठेवतो. आणखी एक गंमत आहे. हवेत थबकताना इंजिन फार तापते, म्हणून त्यात शुद्ध केलेले पाणी सोडण्याची सोय होती. टाकीत सव्वादोनशे किलोच्या आसपास पाणी मावे आणि ते दीडेक मिनिटात संपे. एवढ्या वेळात वैमानिकाने जहाज गाठून उतरायचे!

इंजिनाचा जोर पावणेदहा टनांच्या घरात. पूर्ण इंधन आणि शस्त्रे भरली की विमानाचे वजन बारा टनांजवळ जाई. म्हणजे भरल्या पोटी त्याला सरळ वर उडताच येत नसे. त्यावर ब्रिटिश नौदलातल्या डग टेलर या अधिकाऱ्याने तोडगा काढला. डेकच्या टोकाला चढण बांधायची, विमानाने थोडे धावून तिच्यावरून उसळी घ्यायची. परतताना इंधन संपून ते हलके झालेले असते, तेव्हा मात्र उभ्याने उतरायचे. आपल्याकडच्या उकाड्यात इंजिनाचा जोर आणखी उतरतो, त्यामुळे उतरण्याच्या वेळचे हे गणित अधिकच काटेकोर. हे सारे मुलाला फळ्यावर समजावयाला तास लागेल. पण हातात मॉडेल असेल, त्याचे नॉझल बोटाने वळवता येत असतील आणि टेबलावर वह्या रचून चढण केलेली असेल, तर दहा मिनिटे पुरतात. सीलबंद खोक्यातून यातले काहीच शिकता येत नाही.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सी हॅरियरवर ब्रिटिश खुणा असतात, कारण १९८२च्या फॉकलंड युद्धात या विमानाचे नाव झाले. त्या युद्धात हवाई लढतीत एकही सी हॅरियर पाडले गेले नाही. युद्धात ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती ‘हर्मीस’. हीच नौका १९८७ साली भारताने घेतली आणि तिचे नाव ‘विराट’ ठेवले. म्हणजे खोक्यावरच्या चित्रातले विमान ज्या डेकवरून उडाले, तोच डेक पुढे तीस वर्षे आपला होता. हे खोक्यावर कोण छापणार? ते घरातल्या मोठ्यांनीच सांगायचे असते.

आपली हॅरियर मात्र ‘विराट’च्याही आधी आली. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली तीन विमाने गोव्यात दाबोळीला उतरली आणि त्याच महिन्यात, पुढे नौदलप्रमुख झालेल्या अरुण प्रकाश यांनी त्यातले एक ‘विक्रांत’वर उतरवले. त्यांची तुकडी क्रमांक ३००ची, ‘व्हाइट टायगर्स’. १९७१ साली याच तुकडीच्या सी हॉक विमानांनी ‘विक्रांत’वरून जाऊन चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले होते. पुढे मुंबईच्या गोदीत ‘विक्रांत’लाही हॅरियरसाठी चढण बसवण्यात आली.

यापुढचा भाग लिहायला बरे वाटत नाही. ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली. २००१ ते २०१२ या काळात मुंबईत तिच्यावर संग्रहालय होते. या पानाच्या कितीतरी वाचकांनी मुलांना खांद्यावर घेऊन ती पाहिली असेल. २०१४ साली ती भंगारात विकली गेली आणि दारूखान्यात तिचे तुकडे पडले. तिच्या पोलादाचा थोडा अंश एका मोटारसायकलच्या टाकीत गेला आणि त्याची जाहिरातही झाली. ‘विराट’ २०१७ साली निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या सुमारे ८५२ कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली होती. २०२० साली ती साडेअडतीस कोटींना विकली जाऊन मुंबईहून अलंगला निघाली. किंमत कशाची झाली म्हणाल, तर लोखंडाची.

भंगार वितळवण्यात कमीपणा आहे असे कोणी खोपोलीकर म्हणणार नाही. जुने लोखंड भट्टीत घालून त्याचे मिश्र पोलाद करण्यावर या गावातल्या किती घरांच्या चुली पेटल्या! सगळीच जहाजे जपता येत नाहीत, हेही खरे. गंज, डागडुजी, बंदरातली जागा यांचा खर्च दरवर्षी उभा राहतो आणि त्यासाठी अर्ज घेऊन कोणी माझ्यापुढे आले असते, तर मीही चष्मा पुसत कागदपत्रे मागितली असती. पण दोन मोठ्या विमानवाहू नौकांपैकी एकही राहू नये? मुंबईत ‘विक्रांत’चे स्मारक आहे, पण डेकवर उभे राहून समुद्राकडे पाहण्याची सर स्मारकाला येत नाही.

म्हणूनच आता घरातल्या त्या छोट्या मॉडेलवर जबाबदारी आली आहे. सी हॅरियर खरे साडेचौदा मीटर लांब, मॉडेल वीतभर. त्याच प्रमाणात ‘विराट’ करायची म्हटली तर तीन मीटरांहून थोडी अधिक भरेल, म्हणजे दहा फुटी भिंतीला लागून ठेवता येणार नाही. विमान तेवढे घरात मावते. तेव्हा जे मावते ते तरी हाताळू द्यावे.

संग्राहकांची बाजू मी ऐकली आहे. जुने साचे बंद होतात, खोक्यावरची चित्रे सुंदर असतात, कोणीतरी ती जपली पाहिजेत. मान्य. ज्याने आयुष्यभर अभ्यास करून शंभर मॉडेले जमवली, त्याच्याविषयी मला आदरच आहे. माझी तक्रार आहे ती एकच खोके घेऊन त्याला मुदत ठेव समजणाऱ्यांविषयी. दसपट किंमत द्यायला गिऱ्हाईक लागते आणि ते वेळेवर सापडत नाही, हे मी पुष्कळ तारणांच्या बाबतीत पाहिले आहे. मुलाच्या हाती युद्धाचे यंत्र कशाला, असे विचारणारेही आहेत. त्यांना एवढेच सांगेन, की कोपर टेकवून, श्वास रोखून दोन इंचांचा पंख चिकटवणारे पोर तेवढा वेळ तरी कोणाशी भांडत नाही.

मात्र पुरी गोष्ट सांगावी. भारताने सुमारे तीस हॅरियर घेतली, त्यांतली निम्म्याहून अधिक अपघातांत गेली. तरुण वैमानिक गेले. मे २०१६ मध्ये गोव्याच्या ‘हंसा’ तळावर या विमानांना निरोप देण्यात आला आणि व्हाइट टायगर्सनी मिग-२९के स्वीकारले. मॉडेलला ऊन, मीठ, थकवा यांतले काही लागत नाही. ते नेहमी नवेकोरे दिसते, हीच त्याची उणीव.

खोक्यात ब्रिटिश खुणांचे स्टिकर असले तर बाजूला ठेवावेत. केशरी, पांढरा आणि हिरवा रंग कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. पंखावरचे वर्तुळ पहिल्या खेपेला वाकडे येईल, दुसऱ्या खेपेला बरे येईल. शेपटीवरचा पांढरा वाघ अवघड आहे. तो बहुधा मांजरासारखा दिसेल. मग सुट्टीत गोव्याला जाल तेव्हा दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर असलेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात अर्धा दिवस काढावा. तिथे खरे सी हॅरियर उभे आहे. घरी ज्याने नॉझल चिकटवले असतील, तो पोरगा आल्या आल्या विमानाच्या नाकाकडे न जाता वाकून बाजूला, पंखाखाली पाहील.