आधी वासरू, मग नैवेद्य

आज वसुबारस. आश्विन वद्य द्वादशीच्या सायंकाळी सवत्स धेनूचे पूजन करून आपल्या माताभगिनी बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी घेऊन उपवास सोडतील. हे पूजन एकट्या गाईचे नाही, वासरासह गाईचे आहे. त्यातील ‘सवत्स’ या शब्दाकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही.

काही वर्षांपूर्वी अंबाजोगाई तालुक्यातील एका गावी आम्ही कीर्तनास गेलो असता यजमानांची लाल कंधारी गाय अडली. त्यांचा भाचा पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमातील आंतरवासितेचे वर्ष पुरे करीत होता. त्याने खांद्यापर्यंत हात घातला. पिलाचा पुढचा पाय गुडघ्यात मुडपलेला होता. पिलू हलकेच मागे लोटून, खूर तळहातात झाकून त्याने पाय सरळ केला आणि वेणेसरशी वासरू बाहेर घेतले. नाकातोंडातील चिकटा पुसला, नाळेला आयोडीन लावले. तोच गृहिणी खरवसासाठी चरवी घेऊन आल्या. मुलगा म्हणाला, “मामी, आधी वासराला पाजू. उरेल त्याचा खरवस करा.” खरवसाच्या नैवेद्याची वाट पाहणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

वासराला गर्भात असताना आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही; ती चिकातूनच मिळते. ती शोषून घेण्याचे आतड्याचे सामर्थ्यही एका दिवसात संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावयास आरंभ करावा, आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या सुमारे दशांश तरी चीक त्याच्या पोटात जावा.

“हे कोठे शिकलास?” आम्ही विचारले. “महाराज, वाचले पुस्तकात, शिकलो महाविद्यालयाच्या गोठ्यात.”

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्या’ म्हणजे प्रत्यक्ष अभ्यास यावर स्वतंत्र अध्याय आहे. शिष्याने कोहळा, भोपळा यांवर छेद करावा, मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेधाचा सराव करावा, असे तो सांगतो. शास्त्र कितीही ऐकले तरी सरावावाचून शिष्य कर्मास अयोग्यच राहतो, हा त्याचा निर्णय आहे.

मराठवाड्यात परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ साली आणि उदगीरचे १९८७ साली सुरू झाले. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने आपल्या परळी वैजनाथ येथेही असे महाविद्यालय मंजूर केले. आमचे मागणे एवढेच की, तेथे इमारतीआधी गोठा उभा राहावा. त्यात लाल कंधारी व देवणी गाई असाव्यात, उस्मानाबादी शेळ्या असाव्यात. विद्यार्थ्याने पहाटे उठून शेण काढावे, धार काढावी, आजारी जनावरापाशी रात्र जागावी. त्याचे हात तेथे चुकत शिकले, तर ऊसतोडीला निघालेल्या गरिबाच्या बैलावर ते चुकणार नाहीत.

माताभगिनींनो, आज निरांजन ओवाळताना वासराच्या पाठीवरूनही हात फिरवा. आणि पुढच्या वेळी गाय व्याली, की चरवी थोडी उशिरा न्या.